काळजाचं पाणी

आपल्या भाषेनं शरीराच्या बाबतीत एक गंमत करून ठेवली आहे. काळीज कुठं असतं, असं विचारलं की माणूस छातीच्या डाव्या बाजूला हात नेतो. कवितेतही काळीज म्हणजे हृदय असंच धरून चालतात. पण मटणवाल्याला ‘पाव किलो काळीज द्या’ म्हणा, तो मुकाट्यानं यकृत तोलून देतो. या बाबतीत मटणवाल्याचं मराठी कवीपेक्षा पक्कं आहे. काळीज म्हणजे यकृतच. उर्दूतला कलेजा तोच आणि फारसीतून आलेला जिगरही तोच. उर्दूतल्या एका थोर शायरानं तर जिगर हेच टोपणनाव घेतलं, जिगर मुरादाबादी. डॉक्टरी मराठीत त्याचं भाषांतर ‘यकृत मुरादाबादी’ असं करावं लागेल.

मराठीत आणखी एक वाक्प्रचार आहे, काळजाचं पाणी होणं. फार घाबरलो की आपण तो वापरतो. पण काळजात खरोखरचं पाणी साठतं, त्याची लिंबाएवढी, संत्र्याएवढी, कधी शहाळ्याएवढी गाठ होते आणि ती शेजारच्या मोठ्या शिरांवर रेलून बसते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. माझ्या घरातच असा प्रसंग आला म्हणून मी त्या विषयाच्या मागं लागलो. मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, कविता करणारा मंडणगडचा माणूस आहे. पण या गाठीचा इतिहास वाचत गेलो तेव्हा त्यात आइसलँड भेटलं, सातारा भेटलं, आणि आपल्या कोकणातली सुपारीसुद्धा भेटली.

जुन्या वैद्यकात यकृताचा मान फार मोठा होता. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलन सांगायचा की अन्नरसाचं रक्त यकृतात होतं आणि शरीरातल्या सगळ्या निळ्या शिरा यकृतातूनच फुटतात, झाडाच्या मुळ्या फुटाव्या तशा. इब्न सीनानं अकराव्या शतकात आपल्या ‘कानून’ या ग्रंथात तीच परंपरा पुढं नेली. म्हणून युनानी हकिमांच्या लेखी दिल आणि दिमाग यांच्या पंक्तीला जिगर बसतो. हे तिघे शरीराचे रईस अवयव. आपल्या आयुर्वेदातही रक्तवह स्रोतसांचं मूळ यकृत आणि प्लीहा असंच सांगितलं आहे. म्हणजे अथेन्स, बुखारा आणि काशी तिन्हीकडं एकमत. काळजात धैर्य असतं, काळीज तुटतं, ही आपली भाषा त्या काळाची उरलेली खूण आहे.

पुढं १६२८ मध्ये लंडनच्या विल्यम हार्वेनं रक्ताचं अभिसरण सिद्ध केलं आणि रक्ताच्या राज्याची गादी हृदयाकडं गेली. १६५३ मध्ये थॉमस बार्थोलिन नावाच्या डॅनिश शरीरशास्त्रज्ञानं तर यकृताचा चक्क मृत्युलेख लिहिला. राजा मेला, असं जाहीर करून टाकलं. मला तो माणूस कवी वाटतो. पण त्याची घाई झाली. राज्य गेलं तरी शिरांचा कारभार यकृताकडंच राहिला. पोटातल्या आतड्यांकडून येणारं सगळं रक्त आधी यकृतात जातं. मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त त्यातून वाहतं. त्याच्या पाठीला एका खोबणीत शरीरातली सर्वांत मोठी शीर बसलेली असते, अंगठ्याहून जाड. पायांचं, कमरेचं, मूत्रपिंडांचं रक्त तिच्यातून वर हृदयाकडं जातं. तिला अधोमहाशिरा म्हणतात. यकृतातून बाहेर पडणाऱ्या तीन मोठ्या शिरा अगदी वरच्या टोकाला, श्वासपटलाच्या खाली, तिला येऊन मिळतात. एवढं ध्यानात ठेवलं की पुढची हकीगत कळायला सोपी जाईल.

काळजातल्या पाण्याची पहिली नोंद हिपॉक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांत आहे, म्हणजे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची. पाण्यानं भरलेलं यकृत पोटात फुटलं तर रोगी दगावतो, असं त्यानं लिहून ठेवलं. ते इतकं खरं आहे की आजच्या सर्जनच्या मनातही पहिली धास्ती तीच असते. बकरी-मेंढी कापणाऱ्यांनाही हे पाण्याचे फोड पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. काळजावर पांढरट, ताठ, टरटरीत फुगा दिसला की तेवढा भाग कापून बाजूला टाकायचा. तो बाजूला टाकलेला भाग कोण खातं, याचा विचार मात्र कुणी केला नाही. सगळं रहस्य तिथंच होतं.

हे पाणी म्हणजे शरीराची बिघडलेली लस, असं फार दिवस मानत. सतराव्या शतकात इटलीच्या फ्रान्चेस्को रेदीनं सुचवलं की हे काहीतरी जिवंत असावं. १७८२ मध्ये जर्मनीतल्या योहान ग्योत्से या पाद्र्यानं मेंढीच्या गाठीतल्या पाण्याचा तळाशी बसलेला गाळ भिंगाखाली धरला. त्या वाळूसारख्या कणांना त्याला आकडे असलेली डोकी दिसली, पट्टकृमीला असतात तशी. १८०१ मध्ये त्या जिवाला एकायनोकॉकस हे नाव मिळालं. ग्रीक भाषेत एकायनोस म्हणजे काटेरी जाहक आणि कॉकस म्हणजे दाणा. काटेरी दाणा. नाव ठेवणारानं बरं ठेवलं.

मग १८५३ मध्ये जर्मन प्राणिशास्त्रज्ञ फॉन सीबोल्ड यानं एक साधा प्रयोग केला. मेंढीच्या काळजातल्या गाठी त्यानं कुत्र्याला खायला घातल्या आणि काही आठवड्यांनी कुत्र्याचं आतडं उघडून पाहिलं. आतड्याच्या अस्तराला तांदळाच्या कणीएवढे बारीक कृमी चिकटलेले होते. कोडं सुटलं. हा कृमी लहानाचा मोठा होतो कुत्र्याच्या पोटात. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर पडतात, ते गवत मेंढी खाते, अंड्यातून निघालेला जीव आतड्यातून शिरेत शिरतो आणि रक्ताबरोबर पहिल्या मुक्कामाला पोचतो, म्हणजे यकृतात. तिथं तो पाण्याची गाठ बांधून वर्षानुवर्षं बसतो. मेंढी कापली, गाठ कुत्र्यासमोर पडली, की चक्र पुरं झालं. माणूस या चक्रात आगंतुक आहे. कुत्र्याला गोंजारलेला हात न धुता तोंडात गेला, कुत्र्यानं घाण केलेल्या जागेची भाजी न धुता खाल्ली, की तीच अंडी त्याच्याही पोटात जातात. एक गोष्ट इथं स्पष्ट सांगायला हवी. काळीज खाल्ल्यानं हा रोग माणसाला होत नाही आणि तो एका माणसाकडून दुसऱ्याकडंही जात नाही. हा रोग कुत्र्यामार्फतच येतो.

आता आइसलँड. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्या बर्फाळ बेटावर साठ-पासष्ट हजार माणसं राहत होती, मेंढ्या मात्र लाखांनी. घरोघर कुत्री, आणि हिवाळ्यात माणसं, कुत्री सगळी एकाच उबेला. दर सातांत एकाच्या काळजात पाणी आहे, असा एका डॉक्टरचा तेव्हाचा अंदाज होता. अंदाज थोडा फुगलेला असेल, पण रोगी घरोघर होते यात शंका नाही. तिथं योन फिनसेन नावाचा एक डॉक्टर १८५० आणि ६० च्या दशकांत काम करत होता. भूल नवी, जंतुनाशकं अजून आलेली नाहीत, पोट उघडणं म्हणजे मृत्यू. मग तो काय करायचा? पॅरिसच्या रेकामिए या डॉक्टरची रीत त्यानं उचलली होती. गाठीच्या वरच्या कातडीवर दाहक क्षाराचा लेप लावायचा. कातडी जळत जाते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा लेप. असं करत आठवडे जातात. तेवढ्या काळात आतली गाठ पोटाच्या भिंतीला चिकटून बसते आणि एक दिवस पाणी पोटात न सांडता बाहेर वाट काढतं. वाचतानाच अंगावर काटा येतो. पण त्या काळात ही शहाणपणाची गोष्ट होती. पाणी आत सांडू द्यायचं नाही, हा हिपॉक्रेटिसचा इशारा त्यानं शस्त्राशिवाय पाळला.

१८६३ मध्ये हाराल्ड क्राब्बे हा डॅनिश शास्त्रज्ञ आइसलँडला आला. त्यानं शंभर कुत्री तपासली. अठ्ठावीस कुत्र्यांच्या आतड्यांत तो कृमी निघाला. परत जाऊन त्यानं एक छोटी पुस्तिका लिहिली. ती आइसलँडच्या भाषेत छापून १८६४ मध्ये घरोघर फुकट वाटण्यात आली. आइसलँडचा शेतकरी गरीब असला तरी वाचणारा होता. हिवाळ्याच्या लांब रात्री घरात एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी लोकर कातत ऐकायचं, ही तिथली जुनी रीत. म्हणजे ती पुस्तिकाही ऐकली गेली असणार, आपलं आजचं भाषण आहे तशी. पुस्तिकेचा गाभा एवढाच होता: कुत्र्याला काळीज-फुफ्फुस घालू नका, गाठी जाळा किंवा पुरा, हात धुवा. १८६९ मध्ये कायदा झाला, १८९० मध्ये तो अधिक कडक झाला. १९२४ पासून तर राजधानी रेक्याविकमध्ये कुत्रं पाळायलाच बंदी घातली गेली, ती १९८४ पर्यंत टिकली. विसाव्या शतकात नव्यानं लागण झालेला माणूस सापडेनासा झाला. ना लस होती, ना गोळी होती.

पण ज्याच्या काळजात गाठ आधीच बसली आहे, त्याला पुस्तिका काय करणार? त्याला सर्जनच हवा. आणि सर्जनला पाण्याची भीती होतीच, तिच्याहून मोठी भीती शिरांची होती. यकृत हे रक्तानं भिजलेल्या स्पंजासारखं. त्याला सुई मारली तर टाका कापत जातो, चिमटा लावला तर ते चुरगळतं. त्यातल्या शिरांच्या भिंती पातळ. मागची मोठी शीर फाटली तर मिनिटांचा खेळ.

आधी नकाशा हवा होता. १६५४ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस ग्लिसननं यकृत शिजवून त्यावरचं मांस हळूहळू खरवडून काढलं आणि आतला शिरांचा सांगाडा मोकळा केला. त्यानंतर दोनशे वर्षांनी, १८५८ मध्ये, ‘ग्रेज ॲनाटॉमी’ हे जगप्रसिद्ध पुस्तक निघालं. मजकूर हेन्री ग्रेचा, पण ज्या चित्रांमुळं ते पुस्तक चाललं ती हेन्री व्हँडाइक कार्टरची. हा कार्टर त्याच वर्षी मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्र शिकवू लागला आणि १८६० च्या दशकात साताऱ्यात सिव्हिल सर्जन होता. म्हणजे जगभरच्या विद्यार्थ्यांना यकृताखालच्या शिरा ज्या हातानं दाखवल्या, तो हात आपल्या साताऱ्यातल्या शेतकऱ्यांचे सुजलेले पाय तपासत होता. पायाला गाठी येऊन भोकं पडतात तो ‘मदुरा फूट’ नावाचा रोग बुरशीमुळं होतो, हे कार्टरनंच मुंबईत मांडलं. पुस्तकाच्या चित्रांबद्दल त्याला एकरकमी पैसे मिळाले, रॉयल्टी नाही. लेखकाला मान आणि चित्रकाराला मानधन, हा व्यवहार जुना आहे.

पण कार्टरचा नकाशा बाहेरून दिसणाऱ्या यकृताचा होता. आतली वाटणी वेगळीच आहे, हे जेम्स कँटली या डॉक्टरनं हाँगकाँगमध्ये शवविच्छेदन करताना ओळखलं आणि १८९७ च्या सुमारास मांडलं. वरून दिसते ती डाव्या-उजव्याची रेघ खोटी. खरी रेघ पित्ताशयापासून मागच्या मोठ्या शिरेकडं जाते. (हाच कँटली चीनच्या सन यत-सेन यांचा गुरू. १८९६ मध्ये लंडनच्या चिनी वकिलातीत सन यत-सेन यांना डांबून ठेवलं, तेव्हा त्यांना सोडवायला धावपळ केली ती याच मास्तरनं.) मग १९०८ मध्ये ग्लासगोच्या होगार्थ प्रिंगलनं एक अगदी सोपी युक्ती सांगितली. यकृतात शिरणाऱ्या रक्तवाहिन्या एका पदराच्या कडेनं जातात. तो पदर अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत धरला की रक्त थांबतं. गावात पाण्याचा नळ फुटला तर मुख्य कॉक बंद करावा तसं. यकृत फाटलेल्या ज्या जखमींवर त्यानं हा प्रयोग केला ते काही जगले नाहीत, सशांवर मात्र तो यशस्वी झाला. पण ती चिमूट आज जगातल्या प्रत्येक यकृताच्या ऑपरेशनमध्ये हाताशी असते.

१९३० च्या दशकात हनोईमध्ये टोन थाट टुंग नावाच्या तरुण व्हिएतनामी डॉक्टरनं शेकडो यकृतं खरवडून शिरांच्या वाटा शोधल्या. गुलाम देशातला, साध्या हत्यारांनी काम करणारा माणूस, आणि त्याचं काम पॅरिसला दखल घ्यावी लागेल असं. १९५२ मध्ये पॅरिसच्या लोर्ता-झाकोबनं शिरा आधी बांधून उजवं यकृत काढण्याचं ऑपरेशन केलं. १९५७ मध्ये क्लोद क्विनो यानं यकृताचे आठ भाग पाडून दाखवले. प्रत्येकाची रक्ताची वाट वेगळी, वाडीवाडीला स्वतंत्र पाणंद असावी तशी. त्यातला पहिल्या नंबरचा भाग अगदी मागं, मोठ्या शिरेला मिठी मारून बसलेला. गाठ तिथं झाली तर सर्जनची खरी परीक्षा.

माझ्या खालेची गाठ नेमकी तिथंच होती. गोष्ट १९९६ ची. तिचे दोन्ही पाय सुजायला लागले. आमच्या भागात पाय सुजले की पहिलं नाव हत्तीरोगाचं निघतं. रात्री रक्त काढून नेलं, त्यात काही निघालं नाही. मग कुणी हृदय म्हटलं, कुणी मूत्रपिंड. एका हकीमसाहेबांनी मात्र उजव्या बरगडीखाली बोटं दाबली आणि म्हणाले, ‘जिगर सख्त आहे.’ पोटावर निळ्या शिरा फुगून वर आल्या होत्या. म्हणजे खालचं रक्त, मोठी वाट बुजल्यामुळं, आडवाटेनं वर जायला धडपडत होतं. महाडला सोनोग्राफी केली. काळजात मागच्या बाजूला पाण्यानं भरलेलं मोठं वर्तुळ, आणि त्यात लहान लहान वर्तुळं, डाळिंबाच्या दाण्यांसारखी. मोठ्या गाठीच्या पोटात तिची पिल्लं. डॉक्टरांनी ते बघूनच निदान सांगितलं.

मुंबईच्या एका सरकारी इस्पितळात तिला नेलं. आमच्या आजोबांच्या काळी मुंबईला जायचं तर बाणकोटच्या बंदरात बोट धरायची किंवा होडीनं सावित्री ओलांडायची. आम्ही निदान म्हाप्रळच्या पुलावरून एस.टी.नं गेलो. सर्जन मध्यम वयाचे होते, मराठी. खालेला त्यांनी ‘आजी’ म्हटलं आणि मला केसपेपरच्या पाठीवर पेन्सिलीनं चित्र काढून दाखवलं. ही शीर, हे यकृत, ही गाठ. गाठीनं शिरेला पलीकडच्या कण्यावर चेपून धरलंय. मी विचारलं, ‘सगळी गाठ काढणार ना?’ ते म्हणाले, ‘नाही. पाणी काढणार, आतला पडदा काढणार, पिल्लं वेचणार. शिरेला चिकटलेली बाहेरची साल तशीच ठेवणार. ती सोलायला गेलो तर शीर फाटेल. साल आजींचीच आहे, त्यांच्याच शरीरानं गाठीभोवती बांधलेली भिंत ती. तिचा त्रास नाही.’

हे मला तेव्हा पटायला वेळ लागला. रोग काढायचा तर मुळासकट काढावा, असं आपल्याला वाटतं. पुढं वाचलं तेव्हा कळलं की या गाठीवरून जगभरच्या सर्जनांत वाद आहे. एक पक्ष म्हणतो, सालीसकट काढा म्हणजे रोग उलटणार नाही. दुसरा म्हणतो, जिथं मोठी शीर लागून आहे तिथं हट्ट नको. अनुभवी माणसं दोन्ही करतात. जिथं मोकळं आहे तिथं साल काढतात, शिरेजवळ आले की थांबतात. पोटाच्या सर्जनचं हे थांबणं काय असतं ते मराठी वाचकाला डॉ. वि. ना. श्रीखंडे आणि डॉ. रवी बापट यांच्या आठवणींच्या पुस्तकांतून थोडंफार कळलं आहे.

ऑपरेशनची तयारी ऐकण्यासारखी होती. आधी काही दिवस अल्बेंडाझोलच्या गोळ्या. आपण लहान मुलांना जंतांसाठी देतो तेच औषध, १९८० च्या दशकापासून या गाठीवर वापरात आलेलं. पोट उघडल्यावर गाठीभोवती तीव्र मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या कापडाच्या घड्या रचायच्या. कोकणातल्या माणसाला मिठाची महती सांगायला नको. मासळी टिकते ती मिठानं, आणि या कृमीची पिल्लं मरतात तीही मिठानं. मग गाठीतलं पाणी ओढून घ्यायचं, आत औषध सोडून थांबायचं, पुन्हा ओढायचं, आणि मग गाठ उघडायची. भूल देणारे डॉक्टर त्या वेळी डोळ्यांत तेल घालून उभे असतात. कारण ते पाणी पोटात सांडलं तर शरीर एकदम बिथरून रक्तदाब कोसळू शकतो, आणि सांडलेल्या प्रत्येक कणाची पुढं नवी गाठ होऊ शकते. हे दुसरं, फ्रान्समधल्या रुआँ शहरातल्या फेलिक्स देवे यानं विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिलं.

खालेचं ऑपरेशन पाच तास चाललं. गाठ रिकामी झाली, दबलेली शीर हळूहळू पुन्हा गोल झाली, असं सर्जननी बाहेर येऊन सांगितलं. चौथ्या-पाचव्या दिवशी पायांची सूज उतरू लागली. गाठीच्या पोकळीत पित्त झिरपत होतं म्हणून नळी मात्र तीन आठवडे ठेवावी लागली. ती नळी आणि पिशवी सांभाळत तिनं वॉर्डातल्या निम्म्या बायकांशी नाती जोडली. त्यानंतर ती अकरा वर्षं जगली, आणि गेली ती दुसऱ्याच कारणानं.

आता काही गोष्टी थोडक्यात. काळजातलं प्रत्येक पाणी कुत्र्याकडून येत नाही. पुष्कळांना जन्मापासूनची साधी पाण्याची गाठ असते, कृमीशिवायची. सोनोग्राफी घरोघर पोचल्यापासून अशा गाठी फार सापडतात आणि बहुतेकींना काहीही करावं लागत नाही. ती मोठी होऊन शिरांवर किंवा पित्तनलिकेवर दाबली तरच तिचं वरचं छप्पर कापून पाण्याला पोटात वाट करून देतात. यात विष नसतं, म्हणून सांडलं तरी चालतं. नुसती सुईनं उपसली तर ती विहिरीसारखी पुन्हा भरते. दोन्ही गाठींचा दाब मात्र सारखाच वाईट. यकृतातून निघणाऱ्या शिरा बुजल्या की पोटात पाणी होतं. त्या अवस्थेला लंडनच्या जॉर्ज बड आणि प्रागच्या हान्स कियारी या दोन डॉक्टरांची नावं जोडली आहेत, पहिल्याचं लेखन १८४५ चं, दुसऱ्याचं १८९९ चं. कृमीच्या काही गाठींवर आता ऑपरेशनशिवाय, सोनोग्राफीत बघत सुईनं उपचार होतात. ती रीत १९८० च्या दशकात ट्युनिशियाच्या डॉक्टरांनी आणली. दुर्बिणीतून ऑपरेशन करताना थेंबही सांडू नये म्हणून कोइम्बतूरच्या डॉ. पलानीवेलू यांनी खास नळी बनवली. गरज असते तिथं हत्यार जन्मतं. पॅरिसमध्ये लेप जन्मला, कोइम्बतूरला नळी.

तरी माझं मन क्राब्बेच्या पुस्तिकेकडंच जातं. आमच्याकडं मेंढ्या फारशा नाहीत. पण दिवाळीनंतर घाटावरचे धनगर कळप घेऊन उत्तर कोकणात उतरतात. कापणी झालेल्या भातशेतात शेतकरी लेंडीखतासाठी हौसेनं मेंढ्या बसवून घेतो. कळपाबरोबर कुत्री असतातच. त्या धनगरांना बोल लावण्यात अर्थ नाही. कोंबडी, बोकड आपणही कापतो. गावदेवीच्या राखणीला बोकड पडतो, बकरी ईदला आमच्या दारात बकरा कापतो, आणि दोन्हीकडं नको तो भाग कुंपणापलीकडं जातो, जिथं गावची कुत्री वाट बघत बसलेली असतात. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. आमच्यात कुत्र्यानं भांडं चाटलं तर ते सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीनं, असा दंडक आहे. भांडं धुताना मोजणारी घरं मी पाहिली आहेत. पण कुंपणापलीकडं काय टाकलं हे कुणी मोजत नाही. मशिदीत ईदच्या आदल्या जुम्म्याला हे दोन वाक्यांत सांगता येईल, आणि पालखीच्या आदल्या गावबैठकीतही. फोड दिसलेलं काळीज हातभर खोल पुरायचं, वर दगड ठेवायचा, किंवा तासभर उकळायचं. खर्च शून्य. खालेच्या ऑपरेशनला पाच तास, चार डॉक्टर आणि सहा बाटल्या रक्त लागलं होतं.

न्यूझीलंडही मेंढ्यांचा देश. तिथं घरोघरच्या कुत्र्यांना ठरल्या दिवशी एका जागी आणून साखळीनं बांधायचे आणि जुलाबाचं औषध द्यायचे, पडलेली घाण तपासायचे, मग तिची विल्हेवाट लावायचे. १९५९ मध्ये त्यासाठी देशभर कायदा झाला आणि २००२ मध्ये देश या रोगातून जवळजवळ मुक्त झाल्याचं जाहीर झालं. पुढं प्राझिक्वान्टेल नावाची चांगली गोळी आली आणि जुलाब मागं पडले. मेंढ्यांसाठी लसही निघाली. पण सुरुवातीची अनेक वर्षं त्या कुत्र्यांना जे औषध दिलं जात होतं त्याचं नाव अरेकोलिन. ते सुपारीत असतं. श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत आपल्या वाडीवाडीत जी सुपारी वाळत पडलेली असते, तिच्यातलाच तो अर्क.